हात सुटला तर थांबणारी गाडी

पप्पा, आपल्या घरात काचेची वस्तू नव्हती. होता तो एक आरसा, तोही आईने हात पोचणार नाही इतक्या उंच खिळ्याला टांगला होता. वेणी घालायला मी डब्यावर चढायचे. न्हाणीला आतून कडी नव्हती, नुसता पडदा. पलंग नव्हता. शेजारच्या बायांना वाटायचं, गरिबी आहे म्हणून नाही. गरिबी होतीच. पण पलंग नव्हता तो तुम्ही त्यावरून पडाल म्हणून.

विद्यानगरच्या त्या एका खोलीत मी आणि आई कान लावून राहिलो. आत कुठे स्टीलचा पेला खणकन पडला की मी पुस्तक टाकून धावायचे. बहुतेक वेळा पेलाच पडलेला असायचा. कधीकधी तुम्ही.

नामपल्ली स्टेशनकडून येताना ऑटो चालवता चालवता तुम्हाला फिट आली, ऑटो डिव्हायडरवर चढली आणि मागे बसलेल्या बाईचा हात मोडला, तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर तुम्ही हँडलला हात लावला नाही. आई मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जायला लागली. नांदेडहून आत्या आल्या आणि म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, एकदा दाखवून आणू. तुम्ही त्यांना म्हणालात, आज्ज्याने दीक्षा घेतली त्या दिवशी हे सगळं सोडलं, आता माझ्यासाठी परत सुरू करू नका. गोळी घेतो तेवढी पुरे. आत्या रुसून गेल्या. मला तुमचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण गोळी पुरत नव्हती हे मला दिसत होतं.

शिवाय हे सगळं लपवून. घरमालकाला कळलं तर खोली जाईल, मेसमध्ये कळलं तर आईला काढतील, माझ्या मैत्रिणींना कळलं तर… त्या 'तर'च्या पुढे मी कधी गेलेच नाही. मी कॉलेजात गेले, आपल्या घरातली पहिली. बी.एस्सी. झाले. आज औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. पण परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा माझा एक कान घरीच असायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.

परवा तुमचा जलदानविधी झाला. फरीदभाई आले होते, त्यांच्यासोबत रेसवाली सगळी मंडळी. चपला बाहेर काढून भिंतीला लागून उभे राहिले, कुठे बसावं ते त्यांना कळेना. आपले नातेवाईक मला हळूच विचारत होते, हे कोण? मी म्हणाले, पप्पांचे दोस्त. आत्या म्हणाल्या, एवढी शिकली-सवरलेली पोरं यांची दोस्त? आता त्यांना काय काय सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी.

शहराबाहेरच्या फंक्शन हॉलमध्ये तुम्हाला पार्किंगचं काम लागलं, ते मला पटलं नव्हतं. गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं म्हणजे काय. तुम्ही म्हणालात, उभंच तर राहायचंय, चालवायची थोडीच आहे. गळ्यात शिट्टी, हातात लाल काठी. लग्नाच्या मुहूर्ताला तुम्ही दिवसभर लोकांच्या गाड्या मागे घ्या, डावीकडे घ्या, बस बस करत उभे. संध्याकाळी घरी येऊन कुणाची गाडी कशी वळत होती ते आईला सांगायचात. आईला त्यात काय कळणार, पण ती ऐकायची. तुम्हाला गाडी किती हवीशी वाटायची ते तिला कळायचं.

मग काही वर्षांनी एक आषाढ आला. आषाढात इकडे लग्नं नसतात, हॉल रिकामा. आणि रविवारी सकाळी तिथे फरीदभाई आपल्या माणसांना घेऊन आले. पार्किंगच्या डांबरावर प्लॅस्टिकचे पाईप मांडून वळणं केली, चालवणाऱ्यांना वर उभं राहायला लोखंडी मचाण उभं केलं, आणि हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या गाड्या सोडल्या. तुम्ही शिट्टी तोंडात धरून उभे. त्या दिवशी घरी येऊन मला जे म्हणालात ते अजून ऐकू येतं. "माय, गाडी आहे, पण आत कुणी बसतच नाही."

तुम्ही हसत होता. मला कळलं होतं, आता तुम्ही हेच मागणार.

मी नको म्हणण्याची सगळी कारणं शोधली. डॉक्टरांनाही विचारलं, ते नको म्हणतील या आशेने. ते म्हणाले, खुशाल करू द्या, फक्त उंचावर कठड्याशिवाय उभं राहू देऊ नका आणि झोप बुडवू नका. मग मी मचाणाचा कठडा हलवून पाहिला. पक्का होता. तुम्ही मला कठडा हलवताना बघत होता.

शिकायला तुम्हाला वेळ लागला नाही. फरीदभाईंनी त्यांची जुनी गाडी दिली, सांगितलं, चाचा, एक बात ध्यान में रखो, गाडी आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, नवीन माणूस तिथेच आपटतो. तुम्ही नाही आपटलात. इतकी वर्षं समोरून येणाऱ्या गाड्यांना त्यांचं डावं-उजवं दाखवत उभे होतात तुम्ही. तुमच्या हाताला ते उलटंच सुलटं झालं होतं. फरीदभाई चाट पडले. मीसुद्धा, पण मी तोंड वाकडंच ठेवलं.

नंतर स्वतःची गाडी घ्यायची ठरलं. नारायणगुड्याला झेरॉक्सच्या दुकानावरचं ते फरीदभाईंचं छोटं दुकान. काउंटरवर त्यांनी तीन गाड्या ठेवल्या, तिन्ही चपट्या, जमिनीला चिकटून चालणाऱ्या, गुळगुळीत रबरी टायरच्या. एक पट्ट्यावर चालणारी, म्हणजे मोटर चाकांना पट्ट्याने फिरवते ती, कार्बनच्या पातळ पाटीवर बसवलेली. जिंकणारे तीच घेतात म्हणाले. दुसरी पट्ट्याऐवजी आसावर, म्हणजे दांड्यावर, चालणारी, खालची बॉडी खोक्यासारखी बंद, प्लॅस्टिकची, जड. तिसरी तयार जोडलेली, सगळ्यात हळू, नुसती पुढची चाकं फिरणारी.

मी तिसरीवर हात ठेवला. तुम्ही म्हणालात, खेळणं घ्यायचं असतं तर नुमाइशीच्या जत्रेत घेतलं असतं. मी म्हणाले, पप्पा, तुमचं वय काय, तुमची तब्येत काय. आपण दुकानात भांडत होतो, तेही फरीदभाईंना कळू नये म्हणून मराठीत, आणि मराठीतही 'तब्येत'च्या पुढे न जाता. फरीदभाई गिऱ्हाइकांची भांडणं बघायला सरावलेले. त्यांनी सगळ्यांना विचारतात तेच विचारलं. "चाचा, कित्ती तेज होना?"

तुम्ही म्हणालात, "तेज छोडो भाई. हाथ छूटा तो क्या होता, वो बताओ."

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी आसाची गाडी ठोकळ्यावर ठेवली, रिमोटचा बंदुकीसारखा घोडा ओढला, चारही चाकं भिरभिरली. बोट सोडलं. चाकं जागच्या जागी थांबली. म्हणाले, बोट सुटलं की ब्रेक आपोआप लागतो, तसं लावून देतो. आणि रिमोट बंद पडला तरी तेच. त्यांनी रिमोट बंद करून दाखवला. चाकं थांबली.

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणाले, हीच घेऊ. तुम्ही मान हलवलीत, पण गाडीकडे बघत राहिलात, आणि म्हणालात, चल, आधी चहा घेऊ.

खाली इराणी हॉटेलात बसलो. तुम्ही चहा बशीत ओतला आणि प्यायला नाहीत. मग विचारलंत.

"माय, फिट येते तेव्हा माझा हात कसा असतो?"

पप्पा, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुम्ही तुमची फिट कधी बघितलीच नाही. आम्ही बघितली, आईने, मी, आत्यांनी. तुम्हाला फक्त नंतरचं माहीत. ओला शर्ट, चावलेली जीभ, आमची तोंडं. इतक्या वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत आणि आम्ही सांगितलं नाही. मेंदूत काय होतं ते मी पुस्तकातून वाचलं होतं, आईला समजावूनही सांगितलं होतं. पण तुमचा हात कसा असतो ते तुम्हाला सांगायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

मला खोटं बोलावंसं वाटलं. ढिला पडतो म्हणाले असते तर गाडी घेऊन आपण घरी गेलो असतो.

"आवळतो," मी म्हणाले. "उजवा जास्त. बोटं उघडता येत नाहीत."

तुम्ही उजवा हात टेबलावर उताणा ठेवून त्याच्याकडे बघितलंत. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. मग म्हणालात, "म्हणजे त्या दिवशी ऑटोचा ॲक्सिलेटर मी पिळला नव्हता. हातानेच धरला."

तेव्हा कळलं की तुम्ही इतकी वर्षं काय घेऊन बसला होता. डिव्हायडर दिसला आणि आपण घाबरून ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटर पिळला, त्या बाईचा हात आपल्या भित्रेपणामुळे मोडला, असं तुम्ही धरून चालला होता. आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटायचं आम्हाला माहीत आहे. एका खोलीत राहून आपण हे एवढं एकमेकांना विचारलं नव्हतं.

तुम्ही थंड झालेला चहा पिऊन टाकलात, तोंड पुसलंत, आणि एकदम पार्किंगवाल्या आवाजात म्हणालात, मग चल वर. हात सुटला तर थांबणारी गाडी काय कामाची? माझा हात सुटतच नाही.

वर जाऊन तुम्ही फरीदभाईंना सरळ सांगितलंत. "मेरेकू फिट्स आते. तब हाथ जाम हो जाता."

मी वळून दाराकडे बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. जन्मभर दाराआड ठेवलेली गोष्ट तुम्ही काउंटरवर ठेवलीत, त्या तीन गाड्यांच्या शेजारी. फरीदभाईंनी डोकं खाजवलं. कित्ती देर रहता, विचारलं. मी सांगितलं. बाजूला कोण असतं, विचारलं. मी म्हणाले, मी.

"तो फिर गाडी नक्को देखो," ते म्हणाले, "पहले रिमोट देखो."

नवे रिमोट त्यांनी आधीच बाजूला केले. त्यांचं बटण बंद करायला दाबून धरावं लागतं, तेवढ्यात गाडी अर्धा ट्रॅक जाईल. आतून एक जुना काढला, त्याला डाव्या अंगाला सरकवायचा स्विच. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा बरोबर तिथे पोचायचा. तुम्ही घोडा घट्ट आवळून धरायचा, चाकं भिरभिरायची, मी स्विच सरकवायचा, चाकं थांबायची. फरीदभाई म्हणत होते, और जोर से पकडो चाचा, छोडो मत. माझा अंगठा दुखेपर्यंत आपण तेच करत राहिलो. झेरॉक्सवाला वर येऊन बघून गेला.

मग गाडी. आसावरचीच, कारण पार्किंगच्या डांबरावर बारीक खडी असते आणि पट्ट्याच्या गाडीत ती जाऊन अडकते. पुढे रुंद फोमचा बंपर, कुणाच्या पायाला लागली तरी हाड मोडू नये म्हणून. मोटर हळू क्लासची. मला सगळं पटलं होतं, आणि तरी हळू क्लासमध्येही ती गाडी स्कूटरएवढी पळते हे ऐकल्यावर मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बॉडीचा रंग तुम्ही सांगितलात. पिवळा. ऑटोचा.

बाकी रेसवाल्यांना सांगायचं का, यावर आपलं भांडण झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचे सांगा, वळणावर माणसं उभी असतात, पलटलेल्या गाड्या उचलायला. त्यांना माहीत असायला हवं. ज्याने शर्यत केली त्याने पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहायचं, हा तिथला नियम. तुमच्या जागी मी उभी राहायचे, म्हणून मला ठाऊक होतं नडगीवर गाडी आली की कसं वाटतं. तुम्ही म्हणायचात, सांगितलं की ते गाडीकडे नाही बघणार, माझ्याकडे बघतील. शेवटी फरीदभाईंनी वळणावरच्या माणसांना पाईपांच्या आतल्या बाजूला उभं राहायला लावलं, सगळ्यांच्याच शर्यतीत, कारण न सांगता. तेवढ्यावर आपण थांबलो.

तुमच्या शर्यती मी बघितल्याच नाहीत, पप्पा. मचाणावर तुमच्या डाव्या हाताला उभी राहून, अंगठा स्विचवर, मी फक्त तुमचा उजवा हात बघायचे. शिर फुगली का, बोट पांढरं पडलं का. खालून पोरं विचारायची, अक्का, अंकल कौनसे नंबर पे? मला माहीत नसायचं. गाड्यांचा आवाज कानात यायचा आणि मी पेला पडायची वाट बघावी तशी वाट बघायचे.

आणि एकदा ती आलीच. मान वळली, हात आवळला, सरळ रस्त्यावर तुमची गाडी सुटली. मी स्विच सरकवला. गाडी थांबली, मागची येऊन तिच्यावर आदळली, दोन्हींचे तुकडे उडाले. माणूस कुणी लागलं नाही. मी आणि फरीदभाईंनी तुम्हाला मचाणावर कुशीवर वळवलं. बाकीच्यांनी आपल्या गाड्या थांबवल्या. मी खाली बघितलं तर सगळी तोंडं वर. आता संपलं, असं मला वाटलं. लोकांची ती तोंडं मी लहानपणापासून ओळखते.

पुढच्या वेळी पोचलो तर त्या दिवशी ज्याची गाडी मोडली होती तो किरण, सॉफ्टवेअरवाला, नेहमी पहिला येणारा, तुमच्याजवळ आला आणि म्हणाला, "अंकल, अच्छा हुआ पीला कलर लिए. दूर से दिखता, हम लोगां भाग जाते." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला हसावं की त्याच्या कानाखाली द्यावी कळेना. मग तो वाकून तुमच्या गाडीचा नवा बंपर बसवायला लागला. ते तुमच्याकडे बघतील म्हणायचात ना; नाही बघितलं. गाडीकडेच बघितलं. हे मला त्या दिवशी तुम्हाला बोलून दाखवायचं होतं. वाटलं, मी जिंकले असं होईल. राहून गेलं.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. महिने गेले, फिट आली नाही. आई म्हणायला लागली, आता पलंग घेऊ. मी नको म्हणत होते. तुम्ही घेऊनच आलात.

त्या पलंगावरच गेलात तुम्ही, पप्पा. सकाळी मी चहा ठेवला, हाक मारली. डॉक्टर म्हणाले, झोपेत आली असणार. काहीच पडलं नव्हतं. ना पेला, ना तुम्ही. ज्या आवाजासाठी मी आयुष्यभर कान लावून बसले तो आलाच नाही. आता घर शांत आहे आणि मी अजून दचकते. आई ताट ठेवते आणि मी उठून उभी राहते. मग दोघी एकमेकींकडे बघतो. ही भीती आता कुणासाठी, ते मला कळत नाही. तुम्ही होता तेव्हा तिला काम होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणापुढे बोलले नाही. आईला सांगितलं असतं तर ती मला ओरडली असती.

शेवटची शर्यत. तुम्ही मचाणावर चढलात, रिमोट चालू केलात आणि पुढे बघतच म्हणालात, "माय, अंगठा काढ."

मी नाही म्हणाले. तुम्ही परत तेच म्हणालात. मी फरीदभाईंकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. ते मचाणावर चढून तुमच्या मागे उभे राहिले, पडलात तर धरायला. रिमोटला मात्र त्यांनी हात लावला नाही. खाली वळणावरची माणसं पाईपांच्या आत होती. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त माझा अंगठा नव्हता. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. माझे हात आवळलेले होते. मला सोडवता येत नव्हते.

शिट्टी झाली. तुमच्या हाताकडे बघितलं असतं तर मी परत स्विचवर गेले असते, म्हणून मी ट्रॅककडे बघितलं. पिवळी गाडी पहिल्यांदा नीट बघितली मी. वळणाच्या आधी तुम्ही वेग किती हळुवार सोडता, आतली बाजू धरून कशी काढता, पुढच्याला वाट कशी देता, जसं लग्नातल्या पाहुण्याला द्यावी. एकदा पाईपला घासली, माझ्या तोंडून आवाज निघाला, तुम्ही सावरलीत. मी तोंडाने काहीही म्हणत होते, मला आठवत नाही काय. पाच मिनिटांची शर्यत. मी पूर्ण वेळ घाबरलेली होते आणि मी एकदाही डोळे मिटले नाहीत.

घंटा झाली. तुम्ही गाडी हळूहळू आत घेतलीत, बोट घोड्यावरून काढलंत आणि हात माझ्यापुढे धरून बोटं उघडून दाखवलीत.

आठ गाड्यांत तुम्ही सहावे आलात. कुणाला लागलं नाही. ती शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही एकट्याने चालवली.